पडद्यावर नीट, पीडीएफमध्ये फुटलेला: छपाईच्या फाइलमधील लोगो का बिघडतो आणि तो कसा सुधारायचा?

ऑगस्ट-सप्टेंबर आला की तालुक्याच्या गावातील डीटीपी सेंटरवर गर्दी वाढते. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था या सगळ्यांचे अहवाल एकाच वेळी छपाईला जातात. पाठोपाठ गणेशोत्सव, नवरात्रीच्या पत्रिका आणि नंतर लग्नसराई असतेच.

या घाईत एक तक्रार हमखास ऐकू येते. "कॉम्प्युटरवर लोगो चांगला दिसत होता, पीडीएफ केली आणि फुटला." कुठे गोल चिन्हाला दात पडतात, कुठे लोगोतून पांढऱ्या रेषा जातात, कुठे 'श्री' या अक्षराच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरे येतात. दोन हजार प्रती छापून झाल्यावर हे लक्षात आले, तर कागद, प्लेट, मजुरी सगळे पाण्यात जाते. मग ग्राहक डीटीपीवाल्याकडे बोट दाखवतो आणि डीटीपीवाला प्रेसकडे.

यातले बहुतेक बिघाड ठरावीक कारणांनी होतात. पीडीएफ प्रेसला पाठवण्याआधी दहा मिनिटे दिली तर ते सापडतात आणि दुरुस्तही होतात.

आधी ओळखा: लोगो खरंच व्हेक्टर आहे का?

लोगो दोन प्रकारचे असतात. जेपीजी किंवा पीएनजी हे बारीक चौकोनी ठिपक्यांचे चित्र असते, ते मोठे केले की ठिपके दिसू लागतात. व्हेक्टर लोगो रेषा आणि वळणांच्या गणितावर बनलेला असतो. तो व्हिजिटिंग कार्डावर छापा नाहीतर वीस फुटी फ्लेक्सवर, धार तशीच राहते. सीडीआर, एआय, ईपीएस, एसव्हीजी हे व्हेक्टरचे नेहमीचे प्रकार.

पण फाइलच्या नावावर विश्वास ठेवू नये. अनेकदा कुणीतरी व्हॉट्सॲपवरचा फोटो कोरल ड्रॉमध्ये चिकटवतो आणि तीच फाइल सीडीआर म्हणून सेव्ह करतो. एसव्हीजीचेही तसेच, आत जेपीजी भरलेली असू शकते. अशी फाइल नावापुरतीच व्हेक्टर असते.

तपासणी सोपी आहे. कोरल ड्रॉमध्ये 'व्ह्यू' मेनूतून 'वायरफ्रेम' निवडा. इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल आणि वाय दाबा. लोगोच्या जागी वळणावळणाच्या रेषा दिसल्या तर तो व्हेक्टर आहे. नुसता चौकोन किंवा करडे चित्र दिसले तर आत फोटो आहे. तयार पीडीएफ तपासायची असेल तर ती ८०० टक्के किंवा त्याहून जास्त झूम करून लोगोची कड बघा. कड गुळगुळीत राहिली तर ठीक, पायऱ्या दिसल्या तर ठिपक्यांचे चित्र.

लोगो फोटोच असेल आणि दुसरा पर्यायच नसेल, तर हिशोब करून वापरावा. ऑफसेट छपाईला एका इंचात साधारण ३०० ठिपके लागतात. ४०० ठिपके रुंदीचा लोगो म्हणजे सव्वा इंचाच्या थोडा वर, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. तेवढ्या आकारात तो चालेल. तोच लोगो दोन फूट रुंद केला तर इंचाला सतराच्या आसपास ठिपके उरतात. फ्लेक्स लांबून बघतात, त्यामुळे तिथे ३०० ची गरज नसते, पण सतरा ठिपक्यांत लोगो फ्लेक्सवरही फाटलेलाच दिसतो.

पडद्याचा भास की खरा बिघाड?

पीडीएफमध्ये लोगोतून केसासारख्या पांढऱ्या रेषा गेलेल्या दिसल्या की लगेच घाबरू नये. लोगोला सावली किंवा पारदर्शकता दिलेली असेल आणि पीडीएफ जुन्या पद्धतीने तयार केली असेल, तर सॉफ्टवेअर त्या भागाचे लहान लहान तुकडे करते. तुकडे एकमेकांना चिकटूनच असतात, पण पडदा कडा मऊ करून दाखवतो, म्हणून मध्ये फट दिसते.

झूम कमी-जास्त करून बघा. रेष जागा बदलत असेल, किंवा कितीही झूम केले तरी तेवढीच बारीक राहत असेल, तर तो बहुधा पडद्याचा भास आहे. ॲक्रोबॅट रीडरच्या प्रेफरन्सेसमध्ये 'पेज डिस्प्ले' उघडून 'स्मूथ लाइन आर्ट' ही खूण काढा. रेषा गायब झाली तर छपाईत सहसा ती येत नाही. झूमबरोबर रेषही रुंद होत गेली, तर फट खरी आहे.

तिथेच 'एन्हान्स थिन लाइन्स' अशी आणखी एक खूण असते. ती चालू असेल तर बारीक रेषा पडद्यावर जाड दिसतात. लोगोतील बारीक किनार अचानक ठळक झालेली दिसली तर आधी ही खूण काढून बघावी.

मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये उघडलेल्या पीडीएफवरून निर्णय घेऊ नये. तिथे रंगछटा, सावल्या वेगळ्या दिसू शकतात. छपाईआधीची पाहणी कॉम्प्युटरवर, ॲक्रोबॅट रीडरमध्येच करावी.

लहान केला आणि रेषा जाड झाल्या

सर्वात जास्त फसवणारे कारण हे. संस्थेचा लोगो मूळ फाइलमध्ये सहा इंचाचा असतो. त्यातील गव्हाच्या ओंब्या, चक्र, किनार हे सगळे दोन पॉइंट जाडीच्या रेषांनी काढलेले असते. ऑपरेटर तो लेटरहेडसाठी एक इंचाचा करतो. आकार सहापट लहान होतो, पण रेषेची जाडी दोन पॉइंटच राहते. ओंब्या एकमेकांत मिसळतात, चक्राचे आरे बुजतात. उलट लहान लोगो मोठा केला की रेषा सुतासारख्या दिसतात.

कोरल ड्रॉमध्ये लोगो निवडून एफ-१२ दाबा आणि 'स्केल विथ ऑब्जेक्ट' ही खूण लावा. जुन्या आवृत्त्यांत तिचे नाव 'स्केल विथ इमेज' आहे. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये 'स्केल स्ट्रोक्स अँड इफेक्ट्स' असते. इंकस्केपमध्येही आकाराबरोबर रेषेची जाडी बदलण्याचे बटण वरच्या पट्टीत दिलेले आहे.

कायमचा उपाय म्हणजे रेषेचा आकारच करून टाकणे. कोरलमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि क्यू दाबले की रेष भरीव आकारात बदलते. इलस्ट्रेटरमध्ये 'आउटलाइन स्ट्रोक', इंकस्केपमध्ये 'स्ट्रोक टू पाथ' हेच काम करते. मग लोगो कुठेही न्या, कितीही ओढा, जाडीचे प्रमाण बिघडत नाही.

'हेअरलाइन' जाडी लोगोत ठेवू नये. ती पडद्यावर आणि घरच्या प्रिंटरवर दिसते, पण प्लेटवर इतकी बारीक येते की छापल्यावर जवळपास दिसत नाही. निदान पाव पॉइंट जाडी द्यावी, गडद रंगावर पांढरी रेष असेल तर त्याहून जास्त.

मराठी अक्षरांची खास अडचण

लोगोतील संस्थेचे नाव श्रीलिपी, आकृती किंवा कृतीदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असेल तर धोका दुप्पट. या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. प्रेसच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला आणि पीडीएफमध्येही भरलेला नसला, तर 'ग्रामविकास' च्या जागी अर्थहीन इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे छापली जातात.

युनिकोडमध्ये अडचण वेगळी. इनडिझाइनमध्ये 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडलेला नसेल तर जोडाक्षरे तुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते.

लोगोपुरता उपाय एकच, आणि प्रेसवाले तो रोज सांगतात: फाइल कर्व्ह करून द्या. कोरलमध्ये कंट्रोल आणि क्यू, इलस्ट्रेटर व इनडिझाइनमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ओ. त्यानंतर अक्षरे मजकूर राहत नाहीत, आकार होतात, आणि फॉन्टची गरज संपते. मात्र कर्व्ह करण्याआधीची फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवावी. एकदा कर्व्ह झालेल्या मजकुरातील शुद्धलेखनाची चूक टाइप करून सुधारता येत नाही.

कर्व्ह केल्यावर आणखी एक गंमत होते. मराठी अक्षरे शिरोरेषेवर एकमेकांवर किंचित चढलेली असतात. ती सगळी निवडून 'कंबाइन' केली, की जिथे दोन आकार एकमेकांवर येतात तिथे पांढरे छिद्र पडते. शिरोरेषा तुटक तुटक दिसू लागते, काना जिथे जोडला तिथे पांढरा ठिपका येतो. पडद्यावर लहान आकारात हे लक्षात येत नाही, फ्लेक्सवर मात्र लांबूनही दिसते. उपाय: 'कंबाइन' ऐवजी 'वेल्ड' करा. इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरमधील 'युनाइट', इंकस्केपमध्ये 'युनियन'. सगळी अक्षरे मिळून एक अखंड आकार होतो आणि छिद्रे राहत नाहीत.

सावली, पारदर्शकता आणि पीडीएफची आवृत्ती

पारदर्शकतेची सोय पीडीएफ १.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २००१ पासून आली. त्याआधीच्या १.३ मध्ये ती नाही. प्रेससाठी ठरलेल्या 'पीडीएफ एक्स-१ए' या प्रकारातही पारदर्शकता चालत नाही, 'पीडीएफ एक्स-४' मध्ये चालते. जुन्या प्रकारात पीडीएफ केली की सावली असलेला भाग सॉफ्टवेअर सपाट करते. काही तुकडे व्हेक्टर राहतात, काहींचे चित्र होते. लोगोचा अर्धा भाग धारदार आणि अर्धा धूसर दिसतो तो यामुळेच.

म्हणून प्रेसला आधी फोन करून विचारावे, "एक्स-४ चालेल का?" चालत असेल तर तीच निवडावी. चालत नसेल तर लोगोवरची सावली काढावी, किंवा सावलीचे वेगळे चित्र ३०० ठिपक्यांनी तयार करून मागे ठेवावे आणि लोगो त्याच्यावर स्वच्छ व्हेक्टर ठेवावा. इलस्ट्रेटरमध्ये 'डॉक्युमेंट रास्टर इफेक्ट्स सेटिंग्ज' मध्ये ७२ असेल तर ३०० करावे, नाहीतर सावली फुटकीच येते.

पांढरा लोगो रंगीत पट्टीवर ठेवला आणि छापून आल्यावर गायब झाला, असेही होते. पांढऱ्या आकाराला चुकून 'ओव्हरप्रिंट' लागलेले असते. पांढरी शाई नसते, त्यामुळे खालचा रंग तसाच छापला जातो. ॲक्रोबॅटमध्ये ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू चालू करून पाहिले की हा दोष छपाईआधीच दिसतो.

पेजमेकर, इनडिझाइन आणि वर्ड

पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.० ही २००१ मध्ये आली, तरी जुने अहवाल अजून त्यातच पडून असतात. पेजमेकरमध्ये ईपीएस लोगो ठेवला की पडद्यावर त्याचे हलके नमुनाचित्र दिसते. पीडीएफ साध्या प्रिंटर ड्रायव्हरने केली तर खऱ्या लोगोऐवजी तेच हलके चित्र छापले जाते. पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर निवडून आणि डिस्टिलरमधून पीडीएफ केली की खरा लोगो येतो.

इनडिझाइनमध्ये उलटेही घडते. लोगो पडद्यावर फुटका दिसतो, पण फाइल नीट असते. 'डिस्प्ले परफॉर्मन्स' मध्ये 'हाय क्वालिटी' निवडून बघावे. मात्र 'लिंक्स' पॅनेलमध्ये लोगोसमोर लाल प्रश्नचिन्ह असेल तर मूळ फाइल सापडत नाही असा त्याचा अर्थ. पेनड्राइव्ह काढला, फोल्डर हलवले, नाव बदलले की असे होते. तशीच पीडीएफ केली तर हलके नमुनाचित्र जाते. आधी लिंक जोडावी, मगच पीडीएफ करावी.

ग्रामपंचायत आणि शाळांचे बरेच काम वर्डमध्ये होते. वर्ड सेव्ह करताना चित्रे दाबते. 'ऑप्शन्स', 'ॲडव्हान्स्ड' मध्ये जाऊन चित्रे न दाबण्याची खूण आधी लावावी, मग लोगो टाकावा. पीडीएफ करताना 'मिनिमम साइज' नव्हे, 'स्टँडर्ड' निवडावे.

गावनकाशांवरील लोगो

पाणलोट विकासाचे किंवा पाण्याच्या ताळेबंदाचे नकाशे क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करणाऱ्यांनाही हाच त्रास होतो. नकाशा छान येतो, कोपऱ्यातला संस्थेचा लोगो मात्र वाकडा, अर्धवट किंवा काळा ठोकळा होऊन येतो.

क्यूजीआयएस एसव्हीजी चित्रे ज्या यंत्रणेने काढते, ती एसव्हीजीच्या 'टायनी १.२' या छोट्या प्रकारापुरतीच मर्यादित आहे. मास्क, फिल्टर, कापलेले भाग तिला नीट कळत नाहीत. त्यासाठी लोगो आधी इंकस्केपमध्ये उघडावा. मजकूर आणि आकार 'ऑब्जेक्ट टू पाथ' करावेत, रेषा 'स्ट्रोक टू पाथ' कराव्यात, सावल्या व मास्क काढावेत आणि 'प्लेन एसव्हीजी' म्हणून सेव्ह करावे.

तरीही वळणे कोनेदार आली तर पीडीएफ करतानाचे पर्याय तपासावेत. रिझोल्यूशन ३०० ठेवावे. फाइल लहान करण्यासाठी आकार सोपे करणारा 'सिम्प्लिफाय जॉमेट्रीज' हा पर्याय काढून बघावा. हा पर्याय अगदी जवळजवळचे बिंदू गाळतो. ३०० रिझोल्यूशनला इंचाच्या सहाशेव्या भागापेक्षा जवळचे बिंदू जातात, म्हणून फरक दिसत नाही. रिझोल्यूशन कमी ठेवले की जास्त बिंदू गळतात.

लोगोच्या चौकटीला पारदर्शकता किंवा ब्लेंड मोड दिला असेल तर तो काढावा, कारण त्यामुळे त्या भागाचे चित्र होते. लेआउटमध्ये 'प्रिंट ॲज रास्टर' चालू नाही ना, हेही बघावे. काहीच जमले नाही तर लोगो इंकस्केपमधून ६०० रिझोल्यूशनची पीएनजी करून वापरावा. नकाशाच्या कोपऱ्यातील दोन सेंटिमीटरच्या चिन्हाला तेवढे पुष्कळ होते.

चपटा, ताणलेला लोगो

गोल लोगो अंड्यासारखा झाला तर त्यात सॉफ्टवेअरचा दोष नसतो. बाजूचा ठोकळा धरून ओढले की असे होते. नेहमी कोपऱ्याचा ठोकळा धरावा. इनडिझाइनमध्ये कंट्रोल आणि शिफ्ट दाबून ओढावे, नाहीतर 'फिट कंटेंट प्रपोर्शनली' वापरावे.

भारताच्या राज्यचिन्हाबाबत तर जास्त काळजी हवी. ते कोणी वापरायचे हे २००५ चा कायदा आणि २००७ चे नियम ठरवतात. खासगी पत्रिकेवर किंवा दुकानाच्या फलकावर ते टाकता येत नाही. ज्या कार्यालयाला अधिकार आहे त्यानेही सिंहमुद्रेखालील 'सत्यमेव जयते' कापून टाकलेले किंवा ताणलेले चिन्ह वापरू नये.

प्रेसमध्ये गेल्यावर

पीडीएफ नीट असूनही प्रेसमध्ये लोगो बिघडू शकतो. पाने प्लेटवर मांडण्यासाठी काही ठिकाणी पीडीएफ कोरलमध्ये आयात केली जाते. त्या वेळी कोरल विचारते, मजकूर 'टेक्स्ट' म्हणून घ्यायचा की 'कर्व्ह्ज' म्हणून. 'टेक्स्ट' निवडले आणि फॉन्ट नसला की अक्षरे बदलतात. 'कर्व्ह्ज' निवडावे.

फाइल पाठवतानाही काळजी घ्यावी. व्हॉट्सॲपवर पीडीएफ 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. पानाचा स्क्रीनशॉट किंवा फोटो पाठवला की तो दाबला जातो. पीडीएफचा आकार कमी करून देणाऱ्या वेबसाइटवरून छपाईची फाइल काढू नये, त्यात चित्रे दाबली जातात.

पाठवण्याआधी एवढे तपासा

१. लोगो वायरफ्रेममध्ये पाहिला का? रेषा दिसल्या का?

२. अक्षरे कर्व्ह आणि वेल्ड झाली का? कर्व्ह न केलेली मूळ फाइल वेगळी ठेवली का?

३. रेषांचे आकार केले का? हेअरलाइन शिल्लक नाही ना?

४. सर्व लिंक जोडलेल्या आहेत का?

५. प्रेसला कोणती पीडीएफ चालते हे विचारले का?

६. तयार पीडीएफ ८०० टक्के झूम करून प्रत्येक लोगो पाहिला का? ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू पाहिला का?

७. एक पान खऱ्या आकारात, 'फिट' न करता '१०० टक्के' निवडून, कागदावर काढले का?

शेवटचा मुद्दा सर्वात महत्त्वाचा. त्या कागदी प्रुफावर ग्राहकाची सही आणि तारीख घ्यावी, आणि एक प्रत सेंटरकडे ठेवावी. संस्थेच्या सचिवांनीही सही करताना फक्त ताळेबंदाचे आकडे न बघता मुखपृष्ठावरचा लोगो हातात धरून बघावा. सभेत अहवाल पाचशे सभासदांच्या हाती जातो, आणि सगळ्यात आधी नजर जाते ती त्यावरच.

ज्या संस्थांकडे लोगोची मूळ फाइल नाही, त्यांनी या वर्षीच एकदा तो व्हेक्टरमध्ये नीट काढून घ्यावा. कर्व्ह केलेली पीडीएफ, एसव्हीजी आणि मोठी पीएनजी अशा तीन प्रती संस्थेच्या ईमेलवर आणि पेनड्राइव्हवर ठेवाव्यात. नवीन पदाधिकारी आले, डीटीपीवाला बदलला, तरी जुन्या लेटरहेडचा फोटो काढून लोगो शोधत फिरावे लागणार नाही.